हैबतरावांचं नाक

नांदे गावात कुणाला बियाण्याच्या साळीत भेसळ असल्याचा संशय आला, की मूठभर साळ रुमालात बांधून तो हैबतराव रानवड्यांच्या ओट्यावर येई. हैबतराव दाणे तळहातावर चोळत, त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडत, हात नाकाशी नेत आणि सांगत, "ह्यात इंद्रायणी मिसळल्याली हाय. निव्वळ आंबेमोहर म्हनून कुनी दिला तुला?" बायका तूप घेऊन येत. दूध तासाभरात नासणार, हे ते तापवायच्या आधी सांगत. एकदा देवळाच्या मंडपात बसल्या बसल्या उठले आणि म्हणाले, "वायर जळतीया." लोक हसले. जरा वेळानं मीटरच्या पेटीतून धूर निघाला, तेव्हा हसणारेच बादल्या शोधत पळाले.

हैबतरावांना स्वतःला त्याचं काही विशेष वाटत नसे. "नाक हाय, वास येतो. त्येत काय?" असं म्हणून ते विषय संपवत. तरुणपणी चार वर्षं ते पुण्याच्या भुसार बाजारात पोती उतरवायला होते. तिथं डोळे मिटून पोत्यात काय आहे ते ओळखायची पैज लागे आणि हैबतराव कधी हरत नसत. पुढं गावी येऊन त्यांनी भातशेती केली. साठीला आले तोवर गावाभोवतालच्या बहुतेक खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांचीही जमीन त्यात गेली. घरामागचं अर्ध्या एकराचं खाचर तेवढं राहिलं. मुलानं, साहिलनं, जुन्या घरावर दोन मजले चढवले आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना भाड्यानं दिले.

पहिल्या मजल्यावर विश्राम आणि आशालता राहायला आले. मूळचे लातूरकडचे. विश्राम संगणकाच्या कंपनीत होता, बोलायला गोड आणि हौशी. दोन हजार पाच साली कंपनीनं त्याला आठ महिने डब्लिनला धाडलं. परत आला तो आयरिश व्हिस्कीची एक बाटली आणि पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे दोन काचेचे पेले घेऊन.

एका रविवारी दुपारी तो गच्चीवर बसून माहितीपत्रक वाचत होता. आधी रंग पाहा, मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, मग छोटा घोट जिभेवर फिरवा, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा वास घ्या. त्यानं सगळं पत्रकाबरहुकूम केलं. त्याला फक्त दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापसाचा येतो तो वास आला. तेवढ्यात हैबतराव पाण्याची टाकी बघायला वर आले.

"काका, घेणार का थोडी?"

"न्हाई बाबा. आमी कवाच सोडली." हैबतराव म्हणाले. पोरसवदा असताना हातभट्टीची दोन-चारदा घेतली होती, पण त्यात कुजलेल्या गुळाचा वास यायचा, तो त्यांच्या नाकाला झेपला नाही. पुढं बायकोचा, चंद्राबाईंचा, भाऊ नथू त्याच हातभट्टीनं गेला. त्यानंतर चंद्राबाईंच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. तरी हैबतराव पेल्याकडं बघत उभे राहिले. "वास घ्यायला काय हरकत न्हाई म्हना."

त्यांनी पेल्यातले चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि वारा लागू दिला. आधीचा भपका उडून गेल्यावर ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले.

"ही जवाची हाय."

"बरोबर, काका! बार्लीचीच!"

"थांब जरा." त्यांनी पुन्हा वास घेतला. "निम्मे जव मोड आनून वाळवल्यात. निम्मे तसेच कच्चे घातल्यात. कच्च्याचा वास हिरवा येतोय. आन् मागं लाकूड हाय. लाकडात आदी मनुका नायतर तसलं कायतरी गोड व्हतं."

विश्रामनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यात यातलं काही नव्हतं. त्यानं गंमत म्हणून डब्लिनच्या ऑफिसातल्या आपल्या सहकारी बाईंना ईमेल लिहिला. त्यांचे वडील ब्रेंडन व्हिस्कीच्या कोठारात चाळीस वर्षं पिंपांची निगा राखून निवृत्त झाले होते. दोन दिवसांनी उत्तर आलं. मोड आलेले आणि न आलेले जव एकत्र घेणं ही तिकडची जुनी रीत होती, आणि ती दारू ज्या पिंपांत मुरली त्यांत आधी गोड द्राक्षांची दारू होती. शेवटी ब्रेंडनचा एकच प्रश्न होता: हा माणूस कोण आहे?

विश्रामनं तो वाचून दाखवला. त्या दिवशी हैबतराव दोनदा टाकी बघायला वर आले.

चंद्राबाईंना कळल्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः जिना चढून विश्रामच्या दारात उभ्या राहिल्या. "बसायचं तर उजेडी बसायचं. माझ्या म्होरं बसायचं. आन् दोन चमचे. चमचा माझा."

"काकू, एक चमचासुद्धा चालेल," विश्राम घाईनं म्हणाला.

तेव्हापासून पंधरवड्यातून एकदा रविवारी दुपारी गच्चीवर बैठक बसू लागली. चंद्राबाई चहाच्या चमच्यानं मोजून ओतत आणि दाराशी शेंगा सोलत बसत. हैबतराव तेवढ्यावर तासभर काढत. बऱ्याचदा पेल्यात उरेच. ते पाहून चंद्राबाईंचा राग हळूहळू मावळला, पण चमचा त्यांनी सोडला नाही.

तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानातून ब्रेंडन औषधाच्या असतात तेवढ्या बाटल्या पाठवू लागला. त्यांच्यावर फक्त आकडे असत. हैबतराव बोलत, विश्राम वहीत लिही आणि मग इंग्रजी करून कळवी. "खळ्यात भात झोडताना दुपारचा येतो तो वास" याचं इंग्रजी करताना त्याची दमछाक होई. एका बाटलीबद्दल हैबतराव म्हणाले, "हे पिंप ओल्या भिताडाशी ठेवल्यालं व्हतं." उत्तर आलं की ते पिंप कोठारातल्या सगळ्यात खालच्या ओळीत, नदीकडच्या भिंतीला लागून होतं. हात चोळून वास घेण्याची गोष्ट विश्रामनं लिहिली, तर ब्रेंडननं कळवलं की आम्हीही तसंच करतो, हे त्यांना कुणी शिकवलं?

"कोन शिकवनार?" हैबतराव म्हणाले. "पर त्येला इचार, त्याच्या तिकडं भात पिकतो का?"

साठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं, की हैबतरावांना जे कळतं ते कळणारा दुसरा माणूस जगात आहे, हे त्यांना समजलं. तो समुद्रापल्याड होता आणि त्याची भाषा येत नव्हती. तरी रविवार जवळ आला की हैबतराव दाढी करून बसत.

दोन हजार सहाच्या दिवाळीत ब्रेंडनचं पत्र आलं. मुलगी कामासाठी फेब्रुवारीत हिंजवडीला येणार होती आणि तिच्याबरोबर तोही येणार होता. तिकिटं काढून झाली होती. त्याला पुण्यात काही बघायचं नव्हतं, नांद्यातला माणूस बघायचा होता.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी हैबतराव साहिलच्या मोटरसायकलवर मागं बसून शेजारच्या सूस गावाहून येत होते. एका नव्या सोसायटीसमोर रातोरात गतिरोधक घातला होता. त्यावर पट्टे नव्हते, पाटी नव्हती. साहिलला तो दिसला तेव्हा गाडी उडालेली होती. साहिलला खरचटलं. हैबतराव मागच्या मागं पडले आणि डोकं रस्त्यावर आपटलं. सात टाके पडले, पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. फोटोत काही निघालं नाही. "नशीब थोर," असं भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला.

दवाखान्यातला चहा त्यांना पाणचट लागला. डबा बेचव लागला. आजारपणात तोंडाची चव जातेच, असं त्यांनी धरलं. घरी आले त्या दिवशी चंद्राबाईंनी नव्या आंबेमोहराचा भात टाकला होता, त्यांच्याच खाचरातला. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि कौतुकानं पातेलं हैबतरावांच्या तोंडासमोर धरलं. वाफ चेहऱ्यावर आली. ओली, गरम. तिच्यात दुसरं काहीच नव्हतं.

"कसा हाय औंदाचा?" चंद्राबाईंनी विचारलं.

"झ्याक," हैबतराव म्हणाले.

दुपारी घर झोपल्यावर ते उठले. मसाल्याचा डबा उघडून त्यात नाक घातलं. मग साबण, मग रॉकेलचा कॅन, मग उदबत्तीचा पुडा. गोठ्यात जाऊन गाईच्या अंगाला गाल टेकवून उभे राहिले. शेवटी निजलेल्या चंद्राबाईंच्या उशाशी बसून त्यांच्या केसांचा वास घेतला. चाळीस वर्षांचा ओळखीचा वास, खोबरेलाचा आणि चुलीचा. तिथंही काही नव्हतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या रत्नाबाई तूप घेऊन आल्या तेव्हा बोटावर घेऊन ते "चांगलं हाय" म्हणाले. ते खवट निघालं. रत्नाबाईंनी बोलून दाखवलं नाही, पण पुन्हा त्या आल्या नाहीत.

डिसेंबरात एका सकाळी चंद्राबाई नळावरून आल्या, तर उंबऱ्यातच त्यांचा श्वास कोंडला. घरभर गॅस भरला होता. शेगडीची कळ अर्धी फिरलेली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर हैबतराव निवांत वाल सोलत बसले होते. चंद्राबाईंनी कळ फिरवली, खिडक्या उघडल्या, नवऱ्याला दंडाला धरून अंगणात आणलं. मग त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

हैबतराव वालाची शेंग बोटात फिरवत म्हणाले, "पडलो तवापासनं."

साहिलला न सांगता दोघं पुण्याच्या एका डॉक्टरकडं गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं, की नाकाच्या वरच्या टोकाला हाडाची चाळण असते, तिच्यातून केसासारख्या नसा मेंदूत जातात, डोक्याला मागून हिसका बसला की त्या तुटतात.

"सहा महिन्यांत कधीकधी थोडं परत येतं. वर्षभरात नाही आलं, तर मग फारशी आशा धरू नका."

"औषिद?"

"यावर औषध नाही, आजोबा."

"आपरेशन?"

डॉक्टरनं नुसती मान हलवली. हैबतरावांनी कागदावरचं चित्र मागून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

येताना बसमध्ये चंद्राबाई म्हणाल्या, "साहिलला सांगायचं न्हाई. तुमी पडल्यापासनं तो आदीच नीट जेवत न्हाई."

"न्हाई सांगायचं."

"आन् त्यो गोरा पावना?"

"फेब्रुवारीला टाइम हाय अजून," हैबतराव म्हणाले. "तवर यील."

जानेवारी गेला, काही आलं नाही. वरच्या मजल्यावर विश्रामची धांदल चालली होती. त्यानं चार नवे पेले आणले, आशालतानं गच्चीसाठी पडदे शिवले. रविवारची बैठक हैबतरावांनी थंडीचं निमित्त सांगून बंद केली होती. एक दिवस ते वर गेले आणि म्हणाले, "इश्राम, ती वही वाच की जरा. मी काय काय बोललोय ते."

विश्रामनं हौसेनं वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या दिवशीही. म्हाताऱ्याला स्वतःचं कौतुक ऐकायला आवडतंय असं त्याला वाटलं. हैबतराव डोळे मिटून प्रत्येक शब्द पाठ करत होते.

फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी तीन वाजता ब्रेंडन आला. उंच, वाकलेला, लाल कानांचा. जिना चढून धापा टाकत तो सरळ हैबतरावांपाशी गेला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तळवे उलटे करून पाहिले. मग आपले तळवे त्यांच्याशेजारी धरले. दोघंही हसले. साहिल पाहुण्यांसाठी नारळपाणी घेऊन आला होता, तो कठड्याला टेकून उभा राहिला. चंद्राबाई नेहमीच्या जागी दाराशी बसल्या. त्यांच्या हातात शेंगा नव्हत्या.

ब्रेंडननं कोटाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. "ही त्यांनी कुठंच पाठवली नव्हती," विश्रामनं त्याचं बोलणं मराठीत केलं. "काकांसाठी स्वतः घेऊन आलेत. काय आहे ते सांगणार नाहीत."

चंद्राबाईंनी सवयीनं चमचा पुढं केला. पण ब्रेंडननं हसत स्वतःच तीन पेले भरले, एक हैबतरावांना दिला आणि एक विश्रामला. तेवढ्यात खालून गाईचं हंबरणं आलं म्हणून चंद्राबाई जिना उतरून गेल्या.

हैबतरावांनी थोडं तळहातावर घेतलं. चोळलं. वारा लागू दिला. ओंजळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. तळहात गार झाला होता, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा श्वास ओढला, छातीत दुखेपर्यंत ओढला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"जव हायेत," ते म्हणाले. "निम्मे मोडाचे, निम्मे कच्चे. मागं लाकूड. मनुकांचा गोड वास हाय."

विश्रामनं इंग्रजी केलं. करताना त्याचा आवाज मध्येच अडखळला, कारण त्याच्याही पेल्यात तीच दारू होती. ब्रेंडन क्षणभर हैबतरावांकडं बघत राहिला. मग त्यानं जोरात मान हलवली, अंगठा वर केला आणि काहीतरी म्हणाला.

"बरोबर म्हणतात," विश्राम म्हणाला. "अगदी बरोबर म्हणतात."

हैबतरावांनी डोळे उघडले. त्यांचं नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले. पाहुणा खोटं बोलतोय, हे त्यांना दिसलं.

चंद्राबाई परत वर आल्या आणि दारातच थबकल्या. "काय जळतंय?" त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या. "खाली चूल इझल्याली हाय. मंग ह्यो धूर कशाचा?"

"काकू, धूर पेल्यातला आहे," विश्राम पटकन बोलून गेला. "ते लोक जव वाळवताना मातीच्या शेण्यांसारखं काहीतरी जाळतात..."

बोलता बोलता तो थांबला. चंद्राबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"आबा," साहिल कठड्यापासून पुढं आला. "आबा, तुमाला धुराचा वास येत न्हाई?"

हैबतरावांनी दोन्ही तळवे मांडीला पुसले.

"कशाचाच येत न्हाई?"

"यील रं," हैबतराव म्हणाले. "डाक्टर म्हनलाय सा म्हैने लागत्यात."

साहिल हिशेब करत उभा राहिला, किती महिने झाले, कशामुळं झालं. तो जिना उतरून गेला आणि खाली मोटरसायकलच्या सीटवर उन्हात नुसता बसून राहिला. किल्ली त्याच्या हातात होती, पण त्यानं गाडी चालू केली नाही.

ब्रेंडनला विश्रामनं हळूच सगळं सांगितलं. तो खुर्ची ओढून हैबतरावांच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं त्यानं आपला पेला चंद्राबाईंपुढं केला आणि विश्रामला काही सांगितलं.

"काकू, ते म्हणतात, तुम्ही वास घ्या आणि काकांना सांगा."

आयुष्यभर दारूच्या वासानं तोंड फिरवलेल्या चंद्राबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओल्या शेन्या चुलीत घातल्या की कसा येतो, तसा," त्या म्हणाल्या. "भाकर करपल्यावानी."

"आन् त्येच्या मागं?" हैबतराव पुढं वाकले होते.

"मागं?"

"धुराच्या मागं काय तरी आसतंय. नीट बग."

चंद्राबाईंनी पुन्हा नाक घातलं. पुन्हा. "न्हाई वो," त्या रडवेल्या झाल्या. "मागं काय न्हाई. दारू हाय निस्ती. मला न्हाई कळत."

"ऱ्हाऊ दे," हैबतराव म्हणाले.

त्यांनी आपला पेला उचलला आणि पहिल्यांदाच एका दमात संपवला. जिभेला चटका बसला, घशात ऊब उतरली. किंचित गोड लागलं. त्यापुढं काही नाही.

ब्रेंडन परत गेला. त्यानंतर साहिलनं बापाला कुठं कुठं नेलं. पुण्यात, मुंबईत, साताऱ्याकडच्या एका वैद्याकडं. नाकात तेलं सोडली, जस्ताच्या गोळ्या झाल्या. विश्रामनं इंटरनेटवर वाचून लवंग, लिंबू, निलगिरीच्या कुप्या आणल्या. रोज सकाळ-संध्याकाळ त्या हुंगायच्या होत्या. हैबतरावांनी वर्षभर हुंगल्या, कारण पोरांची मनं मोडवत नव्हती. बापानं साहिलला एका शब्दानं बोल लावला नाही. साहिलला तेच जड जाई. "एकदा शिव्या द्या, आबा," असं तो एकदा म्हणाला. हैबतराव म्हणाले, "कशाबद्दल? तुला तरी कुटं दिसला व्हता त्यो स्पीडब्रेकर?"

दोन हजार आठ साली विश्राम-आशालतानं सूसला स्वतःची जागा घेतली. ब्रेंडनची पत्रं आधी महिन्याला येत, मग सणाला, मग थांबली. लिहायला उरलं नव्हतं. बियाण्याची साळ घेऊन आता कुणी येत नसे. हैबतराव जेवत ते वेळ झाली म्हणून. मिरचीचा ठेचा मात्र मागून घेत, कारण तो जिभेला कळे.

तिसऱ्या वर्षी एक वेगळंच सुरू झालं. दिवेलागणीला त्यांना वास येऊ लागला. जळक्या केसांचा, उग्र. घरात काहीही जळत नसताना. डॉक्टर म्हणाला, ही तुटलेल्या नसेची धडपड आहे, खरा वास नव्हे.

"लई घान वाटत आसंल," चंद्राबाई म्हणाल्या.

"वाटती," हैबतराव म्हणाले. "पर येती तर."

ते रोज त्या वेळेला ओट्यावर येऊन बसत. कुणी हाक मारली तरी उठत नसत. दोन हजार दहाच्या श्रावणात एका संध्याकाळी ते आत आले आणि म्हणाले, "आज न्हाई आला."

"उद्या यील," चंद्राबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी स्वतः त्यांच्यासाठी ओट्यावर घोंगडी अंथरली. आठवडाभर अंथरत राहिल्या. आठव्या दिवशी हैबतरावांनीच घोंगडी झटकली, घडी केली आणि "गार सुटलंय" म्हणत ती आत नेऊन ठेवली.